दोन पिशव्या

पावसाळ्यात मेढ्याला सकाळी सात वाजता नीट उजाडलेलं नसतं. वेण्णेवरून चढलेलं धुकं बाजारपेठेतल्या पत्र्यांवर बसून असतं आणि केळघरकडून येणारी एसटी दिवे लावूनच स्टँडात शिरते. त्यातली चार-सहा माणसं उतरली की तडक माझ्या दारात. उपाशीपोटी रक्त द्यायचं आणि मग समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा, एवढाच बेत. म्हणून पायरी चढायच्या आधीच विचारतात, "लय येळ लागंल का ओ ताई?"

एकोणीस वर्षं मी इथे रक्त काढतेय. डीएमएलटी केलं, लग्न होऊन मेढ्यात आले आणि सासऱ्यांनी शिलाईचं दुकान बंद केलं तेव्हा त्याच जागेत टेबल मांडलं. टेबल कसलं, त्यांचं कापड बेतायचं काउंटरच ते. त्याच्यावर कात्रीचे चरे आहेत. त्या चऱ्यांवर हात उताणा ठेवून माणसं तोंड फिरवतात आणि मी शीर शोधते. साखर, हिमोग्लोबिन, लघवी माझ्याकडेच होतं. थायरॉईडचं सॅम्पल साताऱ्याला जातं. रक्त गोठू द्यायचं, मशीनवर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं करायचं, बर्फाच्या डब्यात घालायचं आणि साडेदहाच्या गाडीला द्यायचं. २०२१ च्या दिवाळीत एसटीचा संप लागला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या दिवसांत हा डबा वडापमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, माणसाचं भाडं भरून साताऱ्याला गेलेला आहे.

माणसं सांगतात, "मला थायरॉईड आहे." खरं तर तो सगळ्यांनाच असतो. गळ्यात पुढच्या बाजूला, श्वासनळीला बिलगून बसलेली ती ग्रंथी. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात, पुस्तकाबाहेर कुणी म्हणत नाही. पण 'बीपी आहे', 'शुगर आहे' तसंच 'थायरॉईड आहे'. मी आधी सुधारायला जायचे. आता जात नाही. ह्या शब्दाला गावात किती इज्जत आहे ते मला उशिरा कळलं, त्याचं पुढे सांगते.

आधी पिशव्यांचं. रक्त द्यायला येणारं माणूस चालू गोळ्या पिशवीतून आणतं. मेडिकलची पिशवी असते, तिच्यात बीपीच्या, साखरेच्या, गुडघ्याच्या गोळ्या आणि चुरगळलेल्या चिठ्ठ्या. ही घरात खुंटीला, सगळ्यांना दिसेल अशी टांगलेली असते. काही घरांत दुसरी एक पिशवी असते. ती ट्रंकेत, नाहीतर तांदळाच्या डब्यामागे. तिच्यातल्या गोळ्यांना कुणी 'झोपेच्या' म्हणतं, कुणी 'डोक्याच्या'. साताऱ्याला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जाताना ती निघते आणि परत जागेवर जाते. गावातल्या डॉक्टरांना ती दाखवत नाहीत. उलट साताऱ्याला जाताना खुंटीवरची पिशवी नेत नाहीत, कारण 'त्याचा इथं काय संबंध'. ह्या दोन पिशव्यांची एकमेकींशी कधी गाठ पडत नाही.

आक्का माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या पेशंट म्हणून आल्याच नव्हत्या. २०१६ चा मे महिना होता. त्यांच्या सासूबाई साखर तपासायला आल्या होत्या आणि सुनेला बरोबर घेऊन आल्या होत्या. बाहेर रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं आणि सुनेच्या अंगात लोकरीचं स्वेटर. मी बघितलं तशी सासूबाई म्हणाल्या, "हिचं डोस्कं जरा तसलंच हाय. एकटी ठिवता येत न्हाई, म्हून आणली."

सून बाकावर बसली होती ती बसलीच होती. वय चाळिशीचं, पण चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखं. भुवया बाहेरच्या टोकांना विरळ झालेल्या. मी पाणी पुढे केलं तर हात पुढे यायला वेळ लागला, आणि बोटं लागली ती गार. मी नाव विचारलं. उत्तर आलं ते जात्याखालून यावं तसं, घरघरत आणि सावकाश. मी त्यांना त्याआधी दोन वर्षं बाजारात अधूनमधून बघत होते, हे मला तेव्हा आठवलं. दर वेळी थोड्या जास्त जाड, थोड्या जास्त मंद. आणि दर वेळी माझ्या मनात आलेलं, गोळ्यांमुळे असेल. मीसुद्धा तेच म्हटलं होतं जे सगळं गाव म्हणत होतं.

सासूबाईंच्या बोटाला कापूस लावता लावता विचारत गेले. मालक वाशीच्या मार्केटला माथाडीत. आमच्या जावळी तालुक्यातल्या अर्ध्या घरांचे मालक तिथेच असतात, त्यामुळे त्यात नवल नव्हतं. सहा वर्षांपूर्वी आक्का रात्र-रात्र जागायला लागल्या, अखंड बोलायच्या, हातातल्या बांगड्या शेजारणींना वाटून आल्या. मग काही महिन्यांनी सगळं उलटं, चूल पेटवायलाही उठवेना. दोनदा असं झाल्यावर साताऱ्याला दाखवलं, गोळी चालू झाली आणि आजार आवरला. नंतर मुलगाच जाऊन गोळ्या आणायला लागला. पेशंटला न्यायचं म्हणजे दोघांचं भाडं, दिवस मोडायचा. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या मिळत होत्या. असे चौदा महिने गेले होते. डॉक्टरांनी चौदा महिन्यांत आक्कांचा चेहरा बघितलेला नव्हता.

"पोट साफ होतं का?"

"चार-चार दिस न्हाई."

"लावणीला जातात का?"

"कुठली लावणी! चुलीम्होरं बसती आन् झोपती. कामाचा कट्टाळा, दुसरं काय."

मी गोळ्या दाखवा म्हटलं. सासूबाईंनी आधी रस्त्याकडे बघितलं. मग पिशवीतून माळवं बाजूला केलं, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली पट्टी होती. लिथियम कार्बोनेट.

लिथियमबद्दल मला तेव्हा एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, आणि तीही आमच्या धंद्यातली. त्याची पातळी मोजायची असेल तर रक्त हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं नाही. त्या ट्यूबमधलं रक्त न गोठू देणारं औषधच लिथियमचं असतं. घेतलं तर रिपोर्ट भलताच चढा येतो आणि पेशंटला विषबाधा झाल्यासारखं वाटतं. कॉलेजात हे एका ओळीत शिकवलेलं. त्या ओळीपलीकडे गळ्यातल्या ग्रंथीशी लिथियमचं काय वैर आहे ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

निदान करणं माझं काम नाही. चिठ्ठीवर जो नंबर होता त्यावर फोन लावला आणि मला जे दिसत होतं तेवढं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग डॉक्टर म्हणाले, "आत्ता रक्त घ्या. टीएसएच आणि टी-फोर. लिथियमची पातळी आणि क्रिएटिनिनही घ्या. आणि त्यांना परवा माझ्याकडे पाठवा, मुलाला नको, त्यांना."

संध्याकाळी रिपोर्ट आला. टीएसएच शंभराच्या वर. वर म्हणजे किती, ते माहीत नाही, मशीन त्यापुढे मोजत नव्हतं. निरोगी माणसात हा आकडा साधारण ०.४ ते ४.५ च्या आसपास असतो. टीएसएच गळ्यातली ग्रंथी बनवत नाही, तो मेंदूच्या बुडाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी पाठवते. डोंगराच्या ह्या अंगाने त्या अंगाच्या माणसाला हाक मारावी तसं ते आहे. ओ आली नाही की हाक मोठी होते. आक्कांच्या डोक्यातून शंभरपट हाका चालल्या होत्या आणि गळ्यातून ओ येत नव्हती.

साताऱ्याच्या पॅथॉलॉजिस्ट सरांकडे मी महिन्याकाठी हिशोबाला जाते. त्या महिन्यात गेले तेव्हा त्यांनी चहा मागवला आणि मला एक जुनी गोष्ट सांगितली. १९४९ चा सप्टेंबर. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या वैद्यकीय मासिकात लिहिलं की लिथियमच्या क्षारांनी वेड्या उन्मादातले पेशंट शांत होतात. त्यानंतर आठवडाभरातच लंडनच्या रिचर्ड ॲशर यांचा लेख ब्रिटिश मासिकात आला. त्यांनी चौदा पेशंटांची हकीगत दिली होती. भास होणारे, संशयाने पछाडलेले, काही वेड्यांच्या इस्पितळात पोचलेले, आणि सगळ्यांचं मूळ मंदावलेल्या थायरॉईडमध्ये. ग्रंथीचं औषध दिल्यावर त्यातले बरेचसे पूर्ण बरे झाले. लंडनच्याच एका वैद्यकीय मंडळाने १८८८ मध्ये हे नोंदवून ठेवलं होतं, पण साठ वर्षांत लोक विसरले होते. "आता गंमत बघा," सर म्हणाले, "एकाच महिन्यात एकाने वेडावरचं औषध सांगितलं आणि दुसऱ्याने थायरॉईडमुळे लागणारं वेड सांगितलं. ते औषधच थायरॉईड मंद करतं, हे कळायला पुढे अजून वर्षं गेली." मला ती गंमत वाटली नाही, पण विसरलेही नाही.

लिथियम हेही मीठच. आयोडीनसाठी ग्रंथी आसुसलेली असते, ते ती रक्तातून ओढून घेते आणि त्याचा हार्मोन बनवते. लिथियमही तिच्यात साठतं आणि तयार झालेला हार्मोन बाहेर सोडायला अडवतं. सगळ्यांना होतं असं नाही. बायकांना जास्त होतं, आणि बहुतेकदा पहिल्या काही वर्षांत. म्हणून लिथियम सुरू करायच्या आधी एकदा आणि नंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच बघायचा असतो. एवढंच. एक ट्यूब रक्त.

मिठाचा विषय निघाला म्हणून सांगते, माझ्या आजीच्या गळ्याला आवाळू होतं, लिंबाएवढं. लहानपणी मी ते दाबून बघायचे आणि ती दाबू द्यायची. घरात खडे मीठ असायचं, चुलीशेजारच्या मडक्यात. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांच्या चमूने १९५६ पासून आयोडीनच्या मिठाचा प्रयोग केला, गलगंड उतरला, आणि १९६२ मध्ये देशभरचा कार्यक्रम सुरू झाला. आजीपर्यंत तो पोचायच्या आत आजी गेली. आता पुड्यातलं मीठ घरोघर आहे, पण आमच्याकडे अजून कैक घरांत डबा चुलीच्या वाफेवर उघडा असतो आणि आयोडीन उडून जातं. असो.

आक्कांना थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, आधी कमी, मग वाढवत. लिथियम बंद केलं नाही. घरच्यांना हे पटेना. "जिनं झालं तीच गोळी चालू?" डॉक्टरांनी समजावलं की जी गोळी सहा वर्षांचा आजार धरून आहे ती सोडायची नाही, ग्रंथीला वरून मदत करायची. घरी गेल्यावर सासूबाईंनी स्वतःचं डोकं चालवून आणखी एक केलं. अंगावर सूज म्हणजे मीठ बंद, ह्या हिशोबाने सुनेचं जेवण अळणी केलं. नशीब, मुलगा मला बोलला. लिथियम घेणाऱ्याने एकदम मीठ तोडलं तर मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तात त्याची पातळी चढते. उन्हाळ्यात घाम जाऊन पाणी कमी पडलं तरी तेच, अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही तेच. मी पुन्हा फोन लावून दिला. डॉक्टरांचा आवाज बाहेरपर्यंत आला.

आवाज सगळ्यात आधी परतला. श्रावणात आक्का आल्या तेव्हा घरघर गेली होती. भात कापणीला त्या विळा घेऊन शेतात होत्या. सासूबाईंना मी विचारलं, कशी आहे सून? म्हणाल्या, "आता उलटं बोलाय लागलीया." तक्रार होती की समाधान, ते कळू नये अशा बेताने म्हणाल्या.

इथे गोष्ट थांबवली असती तर माझ्या अंगाला छान लागली असती. पण पुढच्या वर्षी मी चुकले.

२०१७, दसऱ्याच्या आसपास. सहामाही तपासणी म्हणून टीएसएच आणि लिथियम, दोन्ही एकाच फॉर्मवर. गाडी उशिरा आली. रजिस्टरमध्ये वेळ आहे, आठ चाळीस. शीर मिळाली, रक्त लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं, हिरव्यात नाही, आणि मला स्वतःचं बरं वाटलं. रिपोर्टमध्ये टीएसएच ३.२, उत्तम. लिथियम १.४. हवं असतं साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान. नेहमीचे डॉक्टर गावाला गेले होते, दुसऱ्या एकांना दाखवलं, त्यांनी गोळी निम्म्यावर आणली. १.४ बघून कुणीही हात आखडता घेतला असता.

दिवाळी गेली आणि तिसऱ्या आठवड्यात आक्कांनी रात्री दोनला तांब्याची भांडी काढून घासायला घेतली. सकाळी ती वाटून टाकली. वाशीला मालकांना दिवसातून चाळीस फोन, टेम्पो घ्या म्हणून. एका पहाटे अनवाणी कुसुंबीच्या काळूबाईला चालत निघाल्या, त्या वाटेत सापडल्या, पायांचे तळवे सोललेले. साताऱ्याला सतरा दिवस ठेवावं लागलं.

मग मला डॉक्टरांचा फोन आला. रागाने नव्हे, शांतपणे. "सॅम्पल किती वाजता घेतलं?" मी सांगितलं. "त्याआधीची लिथियमची गोळी किती वाजता घेतली होती?" मी गप्प. मी विचारलंच नव्हतं.

लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी मोजायची असते. रात्री नऊला गोळी, सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. आधी घेतली तर दोन-तीन तासांत पातळी चढते, जी मुळात जास्त नसतेच. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "तुमीच म्हनला हुता ना, थायरॉईडची उपाशीपोटी घ्यायची? मग सकाळी सा वाजता समद्याच दिल्या."

माझं वाक्य होतं ते. थायरॉईडची गोळी सकाळी नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा-एक तास आधी, आणि कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. हे मी पोपटासारखं सांगायचे. दुसऱ्या पिशवीचं काय करायचं ते सांगायला विसरायचे, कारण ती पिशवी माझ्याही डोक्यात वेगळीच होती.

साताऱ्याला जाऊन एक रबरी शिक्का बनवून आणला. 'शेवटची गोळी, वेळ' आणि 'रक्त घेतलं, वेळ'. लिथियमच्या प्रत्येक फॉर्मवर तो मारते. पॅथॉलॉजिस्ट सर म्हणाले, शिक्का जरा तिरका उमटतो. उमटू दे.

आता त्या इज्जतीचं. काही वर्षांनंतर बाविशीतला एक मुलगा आला, वडील बरोबर. मुलगा पुण्याला कंपनीत होता, पंधरा दिवसांपासून कानात कुणीतरी बोलतंय म्हणत होता, जेवणात काही घातलंय म्हणत होता. डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्यांबरोबर टीएसएच सांगितलेला. आला ६.८. वडिलांनी रिपोर्ट हातात घेतला, जाड अक्षरातला आकडा बघितला आणि म्हणाले, "निघाला! थायरॉईडच निघाला!" मग समोरच्या टपरीवर जेवढे होते तेवढ्यांना चहा पाजला.

मी काउंटरमागून बघत होते. त्या माणसाचे पंधरा दिवस उतरलेले खांदे एका आकड्याने वर आले होते. थायरॉईड म्हटलं की सोयरे-धायरे फळं घेऊन भेटायला येतात, स्थळ मोडत नाही, नोकरीवर कळवता येतं. दुसरं नाव घेतलं की माणसं दारावरून जाताना आवाज खाली करतात. माझ्या माहेरच्या एका काकांना आयुष्यभर 'फिट येते' असंच सांगितलं गेलं, त्यांना फिट कधी आली नाही. तेव्हा मी कुणाला काय बोलणार?

पण मनाचा आजार एकदम उसळतो तेव्हा थायरॉईडचे आकडे थोडेफार हलतात आणि काही आठवड्यांत आपोआप जागेवर येतात. म्हणून असा थोडासा चढा आकडा आला की डॉक्टर लगेच गोळी देत नाहीत, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बघतात. त्या मुलालाही तसंच सांगितलं होतं. घरच्यांनी मधल्या काळात डोक्याच्या गोळ्या बंद केल्या, 'त्या चुकून दिल्या होत्या' म्हणून. दोन महिन्यांनी रक्ताला आला तेव्हा मुलगा माझ्या सुईकडे असा बघत होता की मी हात मागे घेतला. त्याच्या काकांनी आणि चुलतभावाने त्याला धरलं. टीएसएच ३.१. कुठलीही गोळी न घेता. वडिलांनी रिपोर्ट उलटापालटा केला आणि मला विचारलं, "मशीन चुकत असंल का?" मी त्या दिवशी जेवढं हळू बोलता येईल तेवढं हळू बोलले. मुलाचे उपचार पुन्हा चालू झाले, तो आता बरा आहे, पुण्याला नाही, गावात स्ट्रॉबेरी करतो. गावाला अजून 'त्याला थायरॉईड आहे' हेच माहीत आहे. मी दुरुस्त करत नाही.

उलटंही घडतं. वडापचा एक ड्रायव्हर पॅसेंजरांशी भांडायला लागला, हात थरथरायचे, चार भाकऱ्या खाऊन वजन उतरत होतं, झोप नाही, डोळे मोठे. लोक म्हणाले नशा करतो. बायकोने देवऋषी केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या साताऱ्यातून अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम उभं केलं तो सातारा इथून पंचवीसेक किलोमीटर, पण देवऋषीला वडापमध्ये अजून खिडकीची जागा मिळते. ह्याचा टीएसएच मशीनला सापडेना इतका कमी होता आणि टी-फोर दुप्पट. ग्रंथी सुसाट सुटली होती. उपचार झाले, थरथर गेली, भांडणंही गेली. थोडी राहिली, ती त्याची आधीचीच.

आणि एक बाई, मानसोपचाराच्या आणि थायरॉईडच्या गोळ्या कित्येक वर्षं नीट घेणाऱ्या. त्यांचा रिपोर्ट अचानक ग्रंथी सुसाट सुटल्यासारखा आला. सरांनी साताऱ्याहून फोन करून मला विचारायला लावलं, केसांसाठी काही घेता का? घेत होत्या. केस गळतात म्हणून मेडिकलमधून बायोटिनच्या दहा मिलिग्रॅमच्या गोळ्या. काही मशीनच्या तपासणीत बायोटिन लुडबूड करतं आणि टीएसएच खोटा कमी दाखवतं. गोळी तीन दिवस थांबवून पुन्हा रक्त घेतलं, सगळं जागेवर. हा प्रश्न आता मी केस नसलेल्या पुरुषांनाही विचारते आणि ते चिडतात.

माझ्या दारावर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर लावलेला आहे. मनाच्या आजारांसाठीची सरकारची ही फोनसेवा २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. कागद लावला तेव्हा एकाने विचारलं, रक्ताच्या दुकानात ह्याचं काय काम? मी म्हटलं, उपाशी माणूस रांगेत उभा असतो, तेवढ्या वेळात काहीतरी वाचतोच. एकदा एक तरुण मुलगी शेजारच्या साखरेच्या तक्त्याचा फोटो काढते असं दाखवून त्या नंबरचा फोटो काढून गेली.

ह्या जूनमध्ये आक्का आल्या, एकट्या. सासूबाई आता घराबाहेर पडत नाहीत. बाहेर पाऊस धरला होता, छत्रीचं पाणी पायरीवर निथळत होतं. मी शिक्का उचलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "रात्री साडेआठला घेतली. आता किती वाजलं?"

"साडेआठ."

"मग बसलं बरोबर."

हात चऱ्यांवर ठेवला. हात गरम होता. शीर पहिल्या झटक्यात लागली. रक्त घेऊन कापूस लावला, तर त्या पदराची गाठ सोडायला लागल्या. सकाळच्या गोळ्या गाठीत बांधून आणल्या होत्या, रक्त द्यायच्या आधी चुकून तोंडात जाऊ नयेत म्हणून. पदर भिजलेला, गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. आत प्लॅस्टिकच्या तुकड्यात दोन गोळ्या, एक बारकी, एक मोठी.

मी पाण्याचा तांब्या दिला. बारकी आधी गिळली. मोठी बोटांत धरून मला विचारलं, "आन् चहा?"

"अर्ध्या तासानं."

त्यांनी स्टँडकडे बघितलं. केळघरची गाडी लागली होती, वायपर चालू.

"मग चहा घरीच," म्हणाल्या, आणि मोठी गोळी परत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून गाठ मारली. "ही न्याहारीबरूबर. माझ्याकडनं आठ रुपये कमी हायत, पुढल्या खेपंला देते."